न संपणारं पडणं (लेखांक ५)

मागच्या आठवड्यात आपण मदन महालच्या टेकडीवर होतो. एवढ्याशा टेकूवर बसलेली तिथली प्रचंड शिळा २२ मे १९९७ च्या भूकंपातही ढळली नाही; ती का पडत नाही, हे आपण पाहिलं. आज अगदी उलट गोष्ट पाहू. सतत पडत राहणारी आणि तरीही जमिनीला न टेकणारी.

आधी भेडाघाटला जाऊ. धुवांधारच्या कड्यावरून सुटलेलं पाणी एकाच वेळी दोन कामं करतं: पुढे जातं आणि खाली पडतं. हिवाळ्यात धारेला जोर असतो, ती कड्यापासून लांब पडते. मे महिन्यात पाणी ओसरलं की पायथ्याशीच कोसळते. (ऐन पुरात धबधबाच बुडून जातो, ते दिवस सोडा.) धार किती लांब जाईल, हे तिच्या वेगावर ठरतं, पण तेवढीच उंची उतरायला लागणारा वेळ दोन्ही ऋतूंत सारखाच. आडवी सुटलेली कुठलीही वस्तू पहिल्या सेकंदात ४.९ मीटर खाली येते, मग तिचा आडवा वेग कितीही असो.

हा वेग वाढवत नेला तर? त्यासाठी तोफ हवी, आणि तोफ जबलपूरकरांना नवी नाही. इथली गन कॅरेज फॅक्टरी, म्हणजे आपली जीसीएफ, १९०४ सालची. तिनं बनवलेल्या ‘धनुष’ तोफांपैकी पहिल्या सहा एप्रिल २०१९ मध्ये लष्कराच्या हवाली झाल्या. १५५ मिलिमीटरची नळी, ३८ किलोमीटरचा पल्ला. गोळा बाहेर पडतो तो सेकंदाला किलोमीटरपेक्षा थोड्या कमी वेगानं. एवढा जोर असूनही तो शेवटी जमिनीवर येतोच.

न्यूटननं तोफ मनातल्या मनात एका उत्तुंग डोंगरावर नेऊन ठेवली, जिथं हवेचा अडथळाच नाही. ते चित्र त्याच्या मृत्यूनंतर, १७२८ मध्ये छापलेल्या पुस्तकात आहे. विज्ञानातलं याहून सुंदर चित्र मी पाहिलेलं नाही. गोळा आडवा सोडायचा, दर खेपेला जास्त वेगानं. तो अधिकाधिक लांब पडत जातो आणि मग पृथ्वीचा गोलवा मधे येतो. आठ किलोमीटर पुढे गेलं की जमीन सुमारे पाच मीटर खाली वळलेली असते. आता हा आकडा धुवांधारच्या आकड्याशेजारी ठेवा. सेकंदाला ७.९ किलोमीटर वेगानं निघालेला गोळा एका सेकंदात ४.९ मीटर पडतो, आणि तेवढ्यात जमीनही तेवढीच खाली सरकलेली असते. पुढच्या सेकंदाला तेच, त्याच्या पुढच्यालाही तेच. गोळा पडतोच आहे. जमीन मात्र हाती लागत नाही. कक्षा म्हणतात ती हीच. ‘धनुष’च्या गोळ्याला त्यासाठी आठ-नऊपट वेग लागेल.

म्हणूनच ‘अंतराळात गुरुत्वाकर्षण नसतं’ हे शाळेपासून कानावर पडणारं वाक्य मला फार खटकतं. जून २०२५ मध्ये शुभांशू शुक्ला ज्या अंतराळ स्थानकावर गेले, ते जमिनीपासून फक्त चारशे किलोमीटरवर आहे. तिथं पृथ्वीची ओढ इथल्या जवळपास नव्वद टक्के असते. माणसं तरंगतात, कारण ती आणि त्यांचं स्थानक बरोबरीनं पडत असतात, दर दीड तासाला पृथ्वीला एक फेरी घालत. रॉकेट उंच नेतं, हे अर्धंच काम. त्याची खरी मेहनत जाते ती आडवा वेग मिळवण्यात.

पौर्णिमेच्या रात्री संगमरवरी कड्यांमधून नावेनं फिरताना डोक्यावर चंद्र असतो. तोही पडतोच आहे. पृथ्वीच्या केंद्रापासून तो आपल्यापेक्षा साठपट लांब, म्हणून त्याच्यावरची ओढ ३६०० पट कमी. एका सेकंदात तो जेमतेम १.४ मिलिमीटर पृथ्वीकडे झुकतो. पण मिनिटभराचा हिशेब करा. नावाड्याच्या हातून निसटलेला खडा सेकंदात जेवढा पडेल, बरोबर तेवढाच, ४.९ मीटर, चंद्र एका मिनिटात पडलेला असतो.