सरपण तोडणे वेगळे, फोडणे वेगळे

घरोघरी गॅस आला, तरी आपल्या खानापूर भागात आंघोळीचे पाणी तापवायला, भात उकडायला आणि लग्नकार्याच्या स्वयंपाकाला सरपण लागतेच. पावसाळ्याच्या बेगमीसाठी लाकूड फोडण्याचे काम प्रत्येक अंगणात चालते. म्हणून या वेळी आम्ही कुऱ्हाडीविषयी लिहीत आहोत.

गेल्या हिवाळ्यात चर्चच्या आवारातील बाभळीचे ओंडके आम्ही स्वतः फोडायला घेतले. हाताशी होती ती पातळ पात्याची कुऱ्हाड. पाते लाकडात रुतून बसले. ओढाओढीत दांडा सैल झाला आणि पुढच्याच घावाला पाते निसटून ढलप्या गोळा करणाऱ्या मुलापासून दोन हातांवर जाऊन पडले. त्याची आई काही बोलली नाही. पण तिचा पांढरा पडलेला चेहरा आम्ही विसरलेलो नाही.

दुसऱ्या दिवशी लोहाराकडे गेलो. त्याने कुऱ्हाड उलटसुलट करून पाहिली व विचारले, “फादर, ही तोडायची. फोडायला का घेतलीत?”

सारे मर्म त्या प्रश्नात आहे. तोडताना लाकडाचे तंतू आडवे कापायचे असतात. त्यासाठी पाते पातळ व धारदार हवे. फोडताना तंतू उभे विलग करायचे असतात. तेथे पाचरीसारखे जाड, मागे रुंद होत जाणारे पातेच उपयोगी पडते. त्याला वस्तऱ्यासारखी धार नको. वजन दोन ते अडीच किलो पुरे. याहून जड कुऱ्हाड चार घावांत माणसाला थकवते, आणि थकलेल्या हाताचा नेम चुकतो.

दांडा निवडताना घाई करू नये. धावडा किंवा बाभळीचे वाळलेले, बिनगाठीचे लाकूड घ्यावे. त्याच्या रेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ गेलेल्या असाव्यात. तिरप्या रेषांचा दांडा तेथेच मोडतो. उभ्याने फोडण्यासाठी लांबी पंचाहत्तर ते नव्वद सेंटीमीटर, म्हणजे साधारण अडीच ते तीन फूट ठेवावी. आखूड दांड्याचा घाव चुकला तर तो नडगीवर येतो. लांब दांड्याचा बहुधा जमिनीत जातो. काम सुरू करण्यापूर्वी पाते हलवून पाहावे. सैल असल्यास दांड्याच्या माथ्यात नवी पाचर ठोकावी. दांडा पाण्यात भिजवून फुगवणे हा तात्पुरता उपाय. वाळला की तो पुन्हा सैल होतो.

गाठाळ किंवा जाड ओंडक्याला कुऱ्हाडीने झुंजू नये. लोखंडी पाचर व घण घ्यावा, आणि आधीच पडलेल्या चिरेत पाचर मारावी. कुऱ्हाडीची पाठ घणासारखी वापरू नये. दांडा बसवण्याचे भोक त्याने फाकते. पाचरीचे डोके ठोकून ठोकून छत्रीसारखे पसरले असेल, तर त्या कडा घासून काढाव्यात. त्यांचा तुकडा उडाला तर डोळा जातो. संरक्षक चष्मा लावणे उत्तम.

ओंडका मातीवर न ठेवता गुडघ्याखालील उंचीच्या ठोकळ्यावर उभा करावा. चिंचेचा ठोकळा सर्वांत चांगला. त्याचे तंतू एकमेकांत गुंतलेले असल्याने तो लवकर फुटत नाही. पाय फाकवून उभे राहावे, पायात बूट असावेत, आणि मुलांना दूर ठेवावे. जखम झालीच तर राख किंवा तंबाखू भरू नये. स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरावे, दवाखाना गाठावा व धनुर्वाताच्या इंजेक्शनविषयी डॉक्टरांना विचारावे.

निलगिरी ओली असतानाच फोडावी. वाळल्यावर ती फार कठीण होते. कोणतेही लाकूड फोडले की आतून लवकर वाळते. ओल्या लाकडाची उष्णता त्यातले पाणी आटवण्यातच खर्च होते, आणि उरतो तो धूर. तो चुलीपुढे बसलेल्या बाईच्या छातीत व तिच्या मांडीवरच्या लेकराच्या फुप्फुसांत जातो. तेव्हा सरपण उन्हाळ्यातच फोडून, जमिनीपासून उंच, वारा खेळेल असे रचावे.

आम्ही आता दोन कुऱ्हाडी ठेवल्या आहेत. खर्च थोडा वाढला खरा. पण त्या मुलाच्या आईकडे आम्ही पुन्हा मान वर करून पाहू शकतो.