आसनगाव लोकल आणि डोक्यातला पसारा

कल्याण सुटलं की डबा जरा हलका होतो. मग शहाड, आंबिवली, टिटवाळा, खडवली, वासिंद... आसनगाव येईपर्यंत आपल्या हक्काचा अर्धा-पाऊण तास मिळतो. पूर्वी या वेळात लेडीज डब्यात मटार सोलले जायचे, पोथ्या वाचल्या जायच्या, साड्यांचे हप्ते गोळा व्हायचे. अजूनही होतात म्हणा! पण गेलं दीडेक वर्ष आमच्या बाकावर आणखी एक उद्योग चालतो. आम्ही फोनशी बोलतो. फोनवर नाही हं, फोनशी!

म्हणजे काय, तर जे सुचेल ते एआय असिस्टंटला सांगून टाकायचं. लेखाची हेडलाइन, घरी जाताना घ्यायचा नारळ, भिशीचे पैसे, बॉसला द्यायचं राहून गेलेलं सणसणीत उत्तर. सगळं एकाच पोत्यात. रात्री म्हणायचं, 'आजचं जरा नीट लावून दे.' आणि तो लावूनही देतो. माझ्या शेजारी बसणारी अकाउंट्समधली मैत्रीण याला 'डोक्याचा कचरा काढणं' म्हणते. ठाण्याला चढताना भणभणलेलं डोकं आसनगावला उतरताना रिकामं. फंडा सॉलिड आहे, यात वादच नाही.

चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ला आलं तेव्हा आपण सगळ्यांनी त्याच्याकडून कविता करून घेतल्या आणि सोडून दिलं. आमच्या बाकावर ते मुरलं ते २०२४मध्ये. त्या वर्षी चॅटजीपीटीला 'मेमरी' मिळाली, म्हणजे मागच्या गप्पांमधलं तो लक्षात ठेवायला लागला. आणि जूनमध्ये गुगलचं जेमिनाय अॅप मराठीसह नऊ भारतीय भाषा घेऊन आपल्याकडे आलं. दिवसभर ऑफिसात इंग्लिश झाडल्यावर संध्याकाळी पुन्हा इंग्लिशमध्ये विचार कोण करणार? मराठीत बोलता यायला लागलं, तेव्हा कुठे मजा आली.

फ्रीलान्स पत्रकारासाठी तर हे वरदानच. मागच्या उन्हाळ्यात मी सहज विचारलं, 'तीन महिन्यांच्या नोंदींमध्ये मी कशाबद्दल परत परत बोलतेय?' उत्तर आलं, पाणी. चार वेळा टँकर, दोनदा हंडे, आणि एकदा अंधेरीच्या एका ऑफिसातल्या टॉयलेटचा गळका नळ. मी बघतच राहिले. तानसा आणि भातसा ही मुंबईला पाणी देणारी धरणं आमच्या शहापूर तालुक्यात, आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर. हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण तो नळ आणि ते हंडे एका ओळीत मी कधी ठेवले नव्हते. त्यातून एक चांगला लेख झाला.

आयडिया 'मागायला' लागलं की मात्र गाडी फसते. पावसाळी वीकेंडसाठी काहीतरी हटके सांग, असं मी आणि मैत्रिणीने आपापल्या फोनवर विचारलं. दोघींना माहुलीचा ट्रेक, धबधबा, गरम भजी आणि आल्याचा चहा! २०२४मध्ये 'सायन्स अॅडव्हान्सेस'मध्ये एक अभ्यास छापून आला होता. एआयने पुरवलेल्या कल्पनांवर लिहिलेल्या गोष्टी वाचकांना जास्त आवडल्या, पण त्या एकमेकींसारख्याही जास्त होत्या. भजीच्या प्लेटी बघून मला ते लगेच पटलं.

पण खरी गोष्ट वेगळीच सांगायची आहे.

माझी आजी किन्हवलीच्या बाजूला राहते. वय चौऱ्याऐंशी. मे महिन्यात गेले होते तेव्हा राब भाजून झाले होते. (भाताचं रोप टाकण्याआधी शेताचा तुकडा पालापाचोळा, शेण घालून भाजतात, तो राब.) संध्याकाळी ओटीवर बसलो होतो. पानही हलत नव्हतं. पावसाआधी वारा असा अडून राहतो ना, त्याला आजीने एक शब्द वापरला. छोटासाच, दोन-तीन अक्षरांचा. मी कधीच न ऐकलेला. एकदम भन्नाट वाटला. परतताना शेअर रिक्षातच फोनला सांगून टाकला. झालं, सेफ!

ऑगस्टमध्ये एका लेखासाठी तो शब्द हवा होता. यादी उघडली. तिथे लिहिलं होतं: 'पावसाळ्यापूर्वीचे उष्ण व आल्हाददायक वातावरण, ग्रामीण जीवनाशी असलेले भावनिक नाते.'

उष्ण. आणि आल्हाददायक.

चूक माझीच. दर रविवारी मी नोंदी 'स्वच्छ मराठीत' लावून घ्यायचे आणि मूळ चॅट डिलीट करायचे. टापटीप म्हणून! रिक्षाच्या खडखडाटात बोललेला शब्द मुळात नीट उमटला होता की नाही, तेही आता कळायला मार्ग नाही. मग त्यालाच विचारलं, शब्द कुठला होता? त्याने क्षणात तीन शब्द दिले. वर 'ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात प्रचलित' अशी पुस्तीही जोडली. मी ते तिन्ही आजीला वाचून दाखवले. ती तोंडाला पदर लावून हसली. 'हे कुठचे गं?'

'मग तू काय म्हणाली होतीस?'

'मी? मी कधी बोलले असं?'

आजीचं विसरणं या वर्षात वाढलंय. कधीकधी मला आत्याच्या नावाने हाक मारते.

दोन संध्याकाळी मी ऑनलाइन शब्दकोश धुंडाळले. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१चा, त्याची वाढवलेली आवृत्ती १८५७ची. मग दाते-कर्व्यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश', १९३०च्या दशकातला. शब्द ठाऊक असेल तर कोशात अर्थ सापडतो. माझ्याकडे फक्त अर्थ होता. वाऱ्याचे इतके प्रकार वाचले की हवामान खात्यात नोकरी मिळेल. तो मात्र नाही सापडला.

मैत्रिणीला सांगितलं तर ती म्हणाली, 'एका शब्दासाठी एवढं टेन्शन?' तिचं टेन्शन वेगळं आहे. २०२५च्या जुलैअखेर बातमी आली होती ना, चॅटजीपीटीवर शेअर करताना 'सर्चमध्ये दिसू द्या' असा पर्याय निवडलेले संवाद गुगलवर सापडायला लागले, आणि कंपनीला ती सोयच काढून टाकावी लागली. तेव्हापासून ती बॉसचं नाव घेत नाही, नुसतं 'वांगं' म्हणते. (तुम्हीही सेटिंग्जमध्ये जाऊन आपल्या गप्पा ट्रेनिंगसाठी वापरण्याची परवानगी बंद करून टाका. दोन मिनिटांचं काम आहे.)

मी असिस्टंट सोडलेला नाही. नारळ, भिशी, हेडलाइन अजून त्याच्याच पोत्यात जातात. पण त्याला पहिलीच सूचना दिलीय, 'माझे शब्द बदलू नकोस. कळला नाही तर विचार.' आता विचारतो, आणि बरेचदा चांगलं विचारतो. मूळ चॅट डिलीट करत नाही. आणि आजीचं काही त्याला सांगत नाही. तिच्यासाठी फोनमधला साधा रेकॉर्डर आणि स्टेशनबाहेरच्या दुकानातली दहा रुपयांची वही.

गेल्या रविवारी फोन तिच्यासमोर ओटीवर ठेवला आणि राब कसा भाजायचा ते विचारलं. चाळीस मिनिटं बोलली. मध्ये कोंबडी आली, शेजारीण आली, मीठ कुठे ठेवलंय यावर भांडण झालं. सगळं रेकॉर्ड झालं. तो शब्द आला नाही. दुसरे चार आले.

उठताना तिने फोनकडे बोट दाखवलं. 'आणि हा कुणाला सांगणार हे सगळं?'

'कुणाला नाही गं.'

'मग घे, अजून सांगते,' म्हणाली आणि पुन्हा बसली. माझी साडेसहाची रिक्षा गेली.