गोळी आणि वाढलेले वजन
नागालँडमधील आमच्या केंद्रात हेरॉइन सुटावे म्हणून ब्युप्रेनॉर्फिनची गोळी रोज समक्ष जिभेखाली ठेवायला देतो. परवा एक तरुण म्हणाला, "ताई, वर्षात १२ किलो वाढलो. गोळी बंद करू?" मी घाबरलेच. गोळी सोडली की तलफ परतते. शरीराची सहनशक्ती घटलेली असते, तेव्हा पूर्वीइतकीच मात्रा जीव घेऊ शकते.

हेरॉइनपायी तो धड जेवतही नसे, म्हणून पहिले काही किलो मला चांगलेच वाटतात. पुढचे बहुधा गोडाचे. अशा औषधांवर पुष्कळांना गोड खावेसे वाटते. हा दिवसाला ८ कप लाल चहा पितो, प्रत्येकात ३ चमचे साखर. म्हणजे जवळजवळ १०० ग्रॅम! आता एकच चमचा ठरला आहे, आणि चढावरच्या घरी पायी जायचे. महिन्याने पुन्हा वजन करू.