फिरत्या किरणाची पाणसळ
(नभोवाणीवरील भाषण)



घर बांधावयास निघालेल्या मनुष्याला भिंतीच्या आधीं पाण्याची काळजी असते. आमच्या सातारा-सांगलीकडे तर हें विशेषच खरें आहे. सांगलींत २००५, २०१९ आणि २०२१ या सालीं कृष्णामाई वस्तींत शिरली. तेव्हांपासून नदीकांठचा घरधनी जोतें किती उंच घ्यावें याचा हिशेब आयर्विन पुलापाशीं पाणी कोठवर चढलें होतें हें आठवून करतो. साताऱ्यास अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशीं बांधणाऱ्याची अडचण निराळी. डोंगरावरून धांवत येणारें पावसाचें पाणी घराला बगल देऊन खालीं कसें जाईल, हें त्याला पाहावें लागतें. दोघांचाही प्रश्न अखेर एकच : सपाटी कोणती आणि उतार किती?

आमच्या लहानपणीं गवंडी हा प्रश्न पाण्यालाच विचारीत. लांब नळींत पाणी भरून तिचीं दोन टोकें दोन भिंतींशीं धरलीं, कीं दोन्हीकडे पाणी एकाच उंचीवर उभें राहतें. त्या खुणांवर दोरी ताणावयाची, ओळंब्यानें उभी रेघ पाहावयाची आणि गुण्यानें काटकोन साधावयाचा, एवढ्या भांडवलावर घरें उभीं राहत. मोठ्या कामांना दुर्बिणीची पाणसळ लागे. कराडजवळील खोडशी बंधाऱ्यावरून निघालेल्या कृष्णा कालव्यासारख्या कामांत मैलोगणती अगदीं बेताचा उतार सांभाळावयाचा असतो. तेथें नुसत्या दोरीनें भागत नाहीं.

आतां या साधनांच्या जोडीला, आणि पुष्कळ ठिकाणीं त्यांच्या जागीं, एक नवें यंत्र आलें आहे. तिवईवर ठेवलेला एक लहानसा डबा. त्याच्या माथ्यावर कांचेची खिडकी. आणि त्या खिडकींतून बाहेर पडून गरगर फिरणारा तांबडा किंवा हिरवा प्रकाशकिरण. यालाच कामावरील लोक ‘रोटरी लेझर’ म्हणतात. किरण एका मिनिटांत ३००, ६०० अथवा अधिक फेरे घेतो व सर्व बाजूंना एकाच पातळीची अदृश्य चादर अंथरतो. मोजपट्टीच्या काठीवर, म्हणजे स्टाफवर, रिसीव्हर लावून ती कोठेंही उभी करावी. किरण लागला कीं तो आवाज करून सांगतो. एरव्हीं दुर्बिणीपाशीं एक व काठीपाशीं एक अशीं दोन माणसें लागत; तें काम आतां एकटा मनुष्य करतो. यंत्र उपयोगी आहे, आणि त्याला विरोध करण्यासाठीं मी आज बोलत नाहीं. परंतु तें वापरावें कसें, हें फार थोड्यांना कोणी समजावून सांगितलें आहे.

माझ्या डोळ्यांदेखत घडलेली गोष्ट सांगतों. गेल्या उन्हाळ्यांत आमच्या शेजारीं एका घराचें जोतें घालण्याचें काम चाललें होतें. दुपारीं कोणाचा तरी पाय तिवईला लागला. यंत्र डगमगलें व त्याचें फिरणें थांबलें. मुकादम बाजूला होता. तेवढ्यांत एका बिगाऱ्याचा सातआठ वर्षांचा मुलगा यंत्रापाशीं गेला आणि आंत काय आहे हें पाहण्यासाठीं त्यानें कांचेच्या खिडकीला डोळा लावला. एक म्हातारा गवंडी ओरडला व त्यानें पोराला मागें ओढलें. सुदैवानें त्या वेळीं किरण बंदच होता. मुलाला कांहीं झालें नाहीं. मीं मुकादमाच्या परवानगीनें यंत्र बंद करून पाहिलें. धोक्याची सूचना लिहिलेली पट्टी त्यावर होती. परंतु तिच्यावर सिमेंटचा थर बसला होता. यंत्राबरोबर आलेली पुस्तिका पेटींत प्लास्टिकच्या पिशवींत जशीच्या तशी होती. माझें इंग्रजी मॅट्रिकपुरतें. पण ती वाचावयास तेवढें पुरलें. आजचें भाषण त्या वाचनांतूनच निघालें आहे.

प्रथम या प्रकाशाचा स्वभाव समजून घेऊं. दिव्याचा प्रकाश चहूंकडे पसरतो व अंतराबरोबर क्षीण होतो. लेझरचा प्रकाश १९६० सालीं अमेरिकेंत मेमन या शास्त्रज्ञानें कृत्रिम माणकाच्या कांडीपासून प्रथम मिळविला. तो जवळजवळ समांतर जातो. शंभर पावलांवरही त्याचा ठिपका लहानच राहतो. आतां शाळेंतला तो प्रयोग आठवा : भिंगानें उन्हाचे किरण एका बिंदूवर गोळा केले म्हणजे कागद धुमसूं लागतो. आपल्या डोळ्यांतही भिंगच आहे. समांतर किरण बाहुलींतून आंत गेला, कीं तें भिंग त्याला आंतल्या पडद्यावर केसापेक्षांही बारीक अशा बिंदूवर आणून ठेवतें. समोरच्या वस्तूकडे टक लावून पाहतांना हा बिंदु नेमका पडद्याच्या मध्यभागीं, पीतबिंदूवर पडतो. वाचणें, सुईंत दोरा ओवणें, माणसाचा चेहरा ओळखणें हें सर्व त्या एवढ्याशा जागेवर चालतें. आणि पडद्याला वेदना कळत नाहींत. हाताला चटका बसला तर हात मागें येतो. डोळ्याच्या पडद्याला इजा झाली तर मनुष्याला दुखतहि नाहीं.

म्हणून या यंत्रांचे शक्तीप्रमाणें वर्ग पाडलेले आहेत. पट्टीवर ‘क्लास २’ असें असेल तर किरणाची शक्ति १ मिलिवॅटपेक्षां अधिक नसते. असा दृश्य किरण डोळ्यांत गेला तर सुमारें पाव सेकंदांत पापणी आपोआप मिटते, आणि तेवढ्यानें डोळा बचावतो. मात्र हा बचाव पापणीवर अवलंबून आहे. हट्टानें टक लावून बसणाऱ्याचें रक्षण ती करीत नाहीं. ‘क्लास ३आर’ असेल तर दृश्य किरणाची शक्ति ५ मिलिवॅटपर्यंत असूं शकते; तेथें सुरक्षिततेची शिल्लक थोडी. यापुढील ‘३बी’ वर्गाचें यंत्र किंवा मुळींच पट्टी नसलेलें स्वस्तांतलें यंत्र घरबांधणीच्या कामावर आणूं नये. किरण किती प्रखर आहे हें नुसतें पाहून ठरवितां येत नाहीं, कारण एकाच शक्तीचा हिरवा किरण तांबड्यापेक्षां डोळ्याला पुष्कळ अधिक ठळक दिसतो.

आतां फिरत्या आणि थांबलेल्या किरणांतला फरक पाहूं. यंत्रापासून ५ मीटरांवर तुम्ही उभे आहांत असें समजा. तेवढ्या त्रिज्येच्या वर्तुळाचा परीघ सुमारें ३१ मीटर. बाहुली व किरणाची जाडी मिळून १ सेंटिमीटर धरूं. म्हणजे प्रत्येक फेऱ्यांत किरण परिघाच्या सुमारें ३,१०० भागांपैकीं एकाच भागापुरता तुमच्या डोळ्यासमोर येतो. तोच किरण फिरावयाचा थांबून डोळ्यावर स्थिर झाला, तर तेवढ्याच वेळांत सुमारें तीन हजार पट प्रकाश आंत जाईल. यंत्र वेगानें फिरत असतां आपल्याला त्याची भीति वाटते. तें थांबलें कीं आपण निःशंक होऊन जवळ जातों. खरें पाहतां सावध राहावयाचें तें थांबल्यावर.

असे प्रसंग तीन प्रकारचे येतात. पहिला, यंत्राला धक्का बसून तें थांबतें. कित्येक यंत्रें अशा वेळीं किरणही बंद करतात. सर्वच करतील असें धरून चालूं नये. दुसरा, एखाद्याच खुणेवर किरण रोखून धरण्यासाठीं कारागीर फिरणें मुद्दाम बंद करतो. किरण मात्र चालूच असतो. तिसरा प्रसंग फसवा आहे. पुष्कळ यंत्रांतून ओळंब्याच्या कामासाठीं दुसरा एक किरण सरळ आकाशाकडे जातो. डोकें फिरत असलें तरी हा किरण जागचा हलत नाहीं. यंत्रावर ओणवें होऊन बटण पाहणाऱ्याच्या डोळ्यांत तो थेट शिरूं शकतो. या तिन्हींवर उपाय एकच आहे आणि तो कामावरील प्रत्येकाला पाठ असावा : आधीं बंद करा, मग वाका.

दुसरी गोष्ट उंचीची. किरणाची पातळी कोणाच्याही डोळ्यांच्या रेषेंत येऊं देऊं नये; ती उभ्या माणसाच्या डोक्याच्या बरीच वर किंवा छातीच्या खालीं ठेवावी. खालीं ठेवली तर बसून काम करणारे व लहान मुलें यांचा विचार करावा. साताऱ्यासारख्या उताराच्या जागीं येथेंच चूक होते. यंत्राच्या जागेवरून साडेसहा फूट उंच गेलेला किरण तेथील माणसांच्या डोक्यावरून जातो. पण दीड फूट उंच असलेल्या वरच्या टप्प्यावर तोच किरण जमिनीपासून पांच फुटांवर येतो, म्हणजे तेथल्या माणसाच्या नेमक्या डोळ्यांवर. म्हणून उतारावर यंत्र लावण्यापूर्वीं सर्व टप्प्यांवरून एकदां फिरून यावें. सांगलीकडे, मिरज-तासगांवच्या सपाट रानांत, प्रश्न अंतराचा. तेथें किरणाला आड येणारें कांहीं नसतें. तो कुंपण ओलांडून रस्त्यावरच्या दुचाकीस्वारावर किंवा समोरच्या घराच्या खिडकीवर जातो. ज्या बाजूला काम नाहीं त्या बाजूला फळी उभी करून किरण अडवावा. जवळ आरसा, कांच, चकचकीत फरशी किंवा पत्रा असेल तर तो झांकावा. त्यावरून परतलेला किरणही किरणच असतो.

येथें एका गैरसमजाचा उल्लेख करणें अवश्य आहे. यंत्राच्या पेटींत बहुधा तांबड्या कांचांचा चष्मा असतो. तो घातला म्हणजे डोळे सुरक्षित झाले अशी पुष्कळांची समजूत आहे. तो चष्मा उजेडांत किरण ठळक दिसावा म्हणून दिलेला असतो. किरणापासून रक्षण करण्यासाठीं तो मुळींच नव्हे. उन्हाचा काळा चष्माही त्या कामाचा नाहीं. तसेंच कामावर जुनें दुर्बिणीचें लेव्हल असल्यास त्यांतून या यंत्राकडे कधींही पाहूं नये. दुर्बिणीचें मोठें भिंग आपल्या बाहुलीपेक्षां कितीतरी अधिक प्रकाश गोळा करून डोळ्यांत ओततें.

डोळ्याला कायमची इजा झाली नाहीं तरी दुसरा धोका उरतोच. परांचीवर उभ्या असलेल्या गवंड्याच्या डोळ्यांवर अकस्मात् किरण चमकला तर क्षणभर त्याला अंधारी येते. जमिनीवर तेवढ्यानें कांहीं बिघडत नाहीं. दुसऱ्या मजल्याच्या फळीवर त्या एका क्षणांत पाऊल चुकतें. म्हणून परांचीवर माणसें असतांना त्यांना हांक मारून, सांगून, मगच यंत्र चालू करावें.

आणि एक गोष्ट किरणाची नसली तरी याच कामाची आहे. स्टाफ बहुधा ॲल्युमिनियमचा असतो व उघडल्यावर पांच मीटरांपर्यंत उंच होतो. मान खालीं घालून आंकडे पाहणारा मनुष्य वरची विजेची तार विसरतो. जुन्या गांवठाणांतील अरुंद बोळ आणि उसाच्या रानाचे बांध येथें तारा खालीं लोंबलेल्या असतात. काठी उभी करण्यापूर्वीं एकदां आकाशाकडे पाहावें. तार जवळ असेल तर काठी तेथें उघडूंच नये. या कामांत डोळ्यापेक्षांही लवकर जीव जातो तो असा.

कोणाच्या डोळ्यांत किरण गेलाच, तर त्यानें डोळा चोळूं नये. समोर ठिपका तरळत राहिला, अक्षर वांकडें दिसूं लागलें किंवा मध्यभागीं धूसर वाटलें, तर दुखत नाहीं म्हणून घरीं न बसतां त्याच दिवशीं नेत्रवैद्याकडे जावें. साताऱ्यास, सांगलीस व मिरजेस अशी सोय आहे. कामाचा खाडा होईल या भीतीनें बिगारी जात नाहीं, म्हणून त्याला पाठविणें हें मुकादमाचें व घरधन्याचें काम आहे.

घरधन्यांना माझी शेवटची विनंति आहे. सिमेंट किती पोतीं आलें हें आपण मोजतां, सळई तोलून घेतां. त्याच वेळीं यंत्रावरील पट्टी पुसून ती वाचावी. यंत्र सांभाळण्यास एकच जाणता मनुष्य नेमावा. जेवणाच्या सुटींत तें चालू राहत नाहीं ना, हें पाहावें. बिगाऱ्यांचीं मुलें कामावर येतात, कारण त्यांना ठेवावयास दुसरी जागा नसते. त्यांच्यावर रागावून उपयोग नाहीं. चाळीस वर्षें मुलांत काढल्यावर मी एवढें खात्रीनें सांगूं शकतों, कीं चमकणाऱ्या खिडकींत मूल डोकावणारच. ज्या वेळीं तें डोकावेल त्या वेळीं आंतला दिवा विझलेला असावा, एवढें मात्र आपल्या हातीं आहे.