‘अस्तु’ चित्रपट आणि आपलं घर : स्मृतिभ्रंशात नाती का ताणली जातात?

घरातल्या मोठ्या माणसाला स्मृतिभ्रंश, म्हणजेच डिमेन्शिया, झाला की औषधांची चौकशी लगेच सुरू होते. पण अनेक घरांत खरा त्रास वेगळाच असतो. नवरा-बायकोत खटके उडतात, भावंडं एकमेकांशी बोलेनाशी होतात आणि सांभाळणारी व्यक्ती एकटी पडते. ‘आमच्या घरातलीच माणसं अशी’ असं म्हणून हा विषय बाजूला ठेवला जातो. प्रत्यक्षात यातला बराच ताण आजारामुळे आणि नीट वाटून न घेतलेल्या कामामुळे आलेला असतो, आणि तो कमी करता येतो.

हे समजून घ्यायला सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ हा २०१३ सालचा मराठी चित्रपट चांगला आधार आहे. त्यात डॉ. मोहन आगाशे यांनी चक्रपाणी शास्त्री या निवृत्त संस्कृत पंडिताची भूमिका केली आहे. आगाशे स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत. अल्झायमर झालेले शास्त्री रस्त्यावर हत्ती पाहतात आणि त्याच्यामागे निघून जातात. इकडे त्यांची मुलगी इरा आणि घरचे शोधाशोध करतात, आणि त्या धावपळीत घरात साचलेला ताण एकेक करून समोर येतो. तिकडे माहुताची बायको चन्नम्मा शास्त्रींना लहान मुलासारखं सांभाळते. या भूमिकेसाठी अमृता सुभाष यांना सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

चन्नम्माला जमतं, ते इराला का जड जातं?

चित्रपट पाहताना हा प्रश्न अनेकांना पडतो. उत्तर सोपं आहे. चन्नम्माने शास्त्रींना पंडित म्हणून कधी पाहिलेलं नाही. समोर आहे तो माणूस ती स्वीकारते. इराला मात्र आधीचे वडील आठवतात. रोज तुलना होते आणि रोज थोडं दुःख होतं. माणूस डोळ्यांसमोर असतो, पण ओळखीचा माणूस हरवत जातो. अमेरिकेतल्या पॉलिन बॉस यांनी अशा दुःखाला ‘संदिग्ध वियोग’ या अर्थाचं नाव दिलं आहे. यात रडायलाही वेळ ठरलेली नसते, त्यामुळे हे दुःख चिडचिडीच्या रूपात बाहेर पडतं.

दुसरा फरक काळाचा आहे. चन्नम्मा थोडाच काळ सांभाळते. घरच्या माणसाला हे वर्षानुवर्षं करायचं असतं. म्हणून दोन दिवस येऊन प्रेमाने वागणाऱ्या नातेवाइकाशी स्वतःची तुलना करू नका.

आजार भांडण कसं लावतो?

- नवीन आठवणी आधी जातात. अल्झायमरमध्ये नवीन गोष्टी साठवणारा मेंदूचा भाग सुरुवातीलाच बिघडतो. त्यामुळे दुपारी जेवल्याचं आठवत नाही, पण चाळीस वर्षांपूर्वीचा अपमान आठवतो. ‘सोयीचं तेवढं बरं आठवतं’ हा आरोप म्हणूनच चुकीचा आहे.
- पाहुण्यांसमोर वागणं ठीक वाटतं. नमस्कार, विचारपूस, जुने किस्से या सवयीच्या गोष्टी बराच काळ टिकतात. त्यामुळे परगावाहून आलेल्या भावाला ‘बाबांना काहीच झालेलं नाही, वहिनीच वाढवून सांगते’ असं वाटू शकतं.
- चोरीचा आळ येतो. वस्तू स्वतःच कुठेतरी ठेवलेली असते, ते आठवत नाही. ती रिकामी जागा मेंदू ‘कुणीतरी नेली’ अशी भरून काढतो. आळ बहुतेकदा सगळ्यात जवळच्या माणसावर येतो, म्हणजे सून, मुलगी किंवा कामाच्या मावशी.
- संध्याकाळी अस्वस्थता वाढते. ‘मला घरी जायचंय’ हे वाक्य स्वतःच्याच घरात ऐकावं लागतं. दिवसभर थकलेल्या माणसाची सहनशक्ती तेव्हाच संपलेली असते.

आजारामुळे जुने हेवेदावे खोटे ठरत नाहीत. ज्या वडिलांनी आयुष्यभर कठोर वागवलं, त्यांनाच आता भरवायचं असेल तर मनात राग येणारच. हा राग आला म्हणून तुम्ही वाईट मुलगा किंवा मुलगी ठरत नाही.

सांभाळणाऱ्याची तब्येत

भारतात ६० वर्षांवरील सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया असल्याचा २०२३ साली प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. त्यातल्या बहुतेकांना घरचेच सांभाळतात आणि हे काम मुख्यतः बायकांवर येतं. अशा व्यक्तींमध्ये नैराश्य, चिंता आणि झोपेच्या तक्रारी इतरांपेक्षा जास्त आढळतात. स्वतःच्या बीपी-शुगरच्या गोळ्या चुकणं, सारखं रडू येणं, हात उगारावासा वाटणं, ‘हे कधी संपणार’ असा विचार सतत येणं ही सगळी मदतीची गरज असल्याची लक्षणं आहेत. ती डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा.

घरात काय ठरवाल?

१. निदान सगळ्यांनी एकत्र ऐका. शक्य असेल तर सर्व भावंडांनी एकदा डॉक्टरांना भेटावं. परगावी असलेल्यांना फोनवर जोडून घ्या. ‘तू सांगतेस म्हणून’ हा वाद इथेच थांबतो.

२. कामं कागदावर लिहा. आंघोळ, जेवण, औषधं, रात्रीची जाग, बँक, दवाखाना असं सगळं लिहून प्रत्येक कामापुढे नाव घाला. दूर राहणाऱ्याने खर्च, औषधांची ऑनलाइन खरेदी किंवा वर्षातून ठरावीक आठवडे स्वतः सांभाळणं, यातलं काहीतरी घ्यावं.

३. सुट्टी ठरवा. मुख्य सांभाळणाऱ्याला आठवड्यातून किमान काही तास तरी पूर्ण मोकळे मिळायला हवेत. त्यासाठी नातेवाईक, पगारी मदतनीस किंवा डे-केअर यांचा आधार घ्या.

४. पैशांचे आणि कागदपत्रांचे निर्णय लवकर घ्या. आजाराच्या सुरुवातीला त्या व्यक्तीची स्वतःची इच्छा विचारता येते. नंतर तेच विषय भावंडांमध्ये वादाचे होतात.

५. वाद घालू नका, विषय बदला. ‘पाकीट मिळत नाही का? चला, मिळून शोधू’ हे ‘मी चोर आहे का?’ यापेक्षा जास्त उपयोगी पडतं. नवरा-बायकोनेही दिवसातली थोडी वेळ आजाराव्यतिरिक्त बोलण्यासाठी ठेवावी.

वृद्धाश्रम किंवा डिमेन्शिया केंद्राचा विचार करणं म्हणजे आई-वडिलांना टाकून देणं नव्हे. घरी सुरक्षितपणे सांभाळणं अशक्य झालं असेल, तर चांगलं केंद्र निवडून नियमित भेटत राहणं हीसुद्धा काळजीच आहे.

वाट चुकून निघून गेल्यास

शास्त्रींसारखं निघून जाणं या आजारात नेहमी दिसतं. रुग्णाच्या खिशात किंवा हातातल्या पट्ट्यावर फोन नंबर असू द्या आणि अलीकडचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. दाराला घंटी किंवा उंचावर कडी लावा, पण माणसाला घरात एकटं कोंडू नका. हरवल्याचं लक्षात येताच ११२ वर फोन करा. २४ तास थांबायची गरज नाही. आणि ‘तू लक्ष का नाही दिलंस?’ हा प्रश्न त्या वेळी टाळा. क्षणभर नजर हटणं कुणाच्याही बाबतीत होऊ शकतं.

डॉक्टरांकडे कधी जाल?

- विसरभोळेपणामुळे रोजचे व्यवहार अडू लागले असतील तर लवकर तपासणी करून घ्या. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचा विकार, नैराश्य किंवा काही औषधं यामुळेही असा त्रास होतो आणि तो उपचारांनी सुधारू शकतो.
- काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत अचानक गोंधळ, भास किंवा गुंगी वाढली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. लघवीचा किंवा छातीचा जंतुसंसर्ग, शरीरातलं पाणी कमी होणं, पडून डोक्याला मार लागणं अशी कारणं असू शकतात.
- सांभाळणाऱ्याच्या मनात स्वतःला किंवा रुग्णाला इजा करण्याचे विचार येत असतील तर थांबू नका. ‘टेली-मानस’ या सरकारी हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६ आहे. ज्येष्ठांसाठीची ‘एल्डरलाइन’ १४५६७ वर आहे.

अल्झायमर पूर्ण बरा करणारं औषध आज नाही. उपलब्ध गोळ्यांनी काही रुग्णांची लक्षणं काही काळ सौम्य राहतात. घरातला ताण कमी करणं मात्र आजपासून शक्य आहे. पुढच्या वेळी दवाखान्यात जाल तेव्हा फक्त रुग्णाची फाइल नेऊ नका. ‘घरात कोण सांभाळतं, आणि ती व्यक्ती कशी आहे?’ हेही डॉक्टरांना सांगा.