रंग नाण्याचा, की खाडीच्या हवेचा?

लक्ष्मीपूजनाला डब्यातली जुनी नाणी बाहेर निघतात आणि त्यांत एखादे भलत्याच रंगाचे सापडते: तांबूस पडलेले पाच रुपयांचे नाणे, निळसर-जांभळी झाक आलेला राणीछाप रुपया, हिरवी भुकटी धरलेली शिवराई. कोणी ते दुर्मीळ समजून मोबाइलवर गिऱ्हाईक शोधू लागते, तर कोणी चिंच-मीठ लावून लख्ख करून ठेवते. दोघांचीही घाई होते. रंगातून आधी कळतो तो धातू, आणि ते नाणे कुठल्या हवापाण्यात राहिले तेही कळते. ठाण्याच्या खाडीकाठी वसलेल्या नवी मुंबईत तर दमट, खारी हवा आणि कुजक्या अंड्यासारखा वास सोडणारा चिखल हे दोन्ही नाण्यांवर खूण ठेवू शकतात. गंधकाचा वायू चांदीला काळवंडतो. थर पातळ असेल तर पिवळा, जांभळा, निळा रंग दिसतो. खाऱ्या पाण्यात पितळेतले जस्त झिजते आणि मागे उरलेल्या तांब्याने नाणे लालसर दिसू लागते.

‘पण टाकसाळीची चूकही असू शकेल ना?’ असू शकते, म्हणून तर आधी वजन करावे. पाच रुपयांचे जुने तांबे-निकेलचे नाणे 9 ग्रॅमचे, नंतरचे पोलादी आणि सुरुवातीचे निकेल-पितळी 6 ग्रॅमचे. चुंबकाला पोलादीच चिकटते. पिवळेधमक नाणे 9 ग्रॅम भरले, तर त्यावर बाहेर कोणी मुलामा दिला असण्याचीच शक्यता जास्त. भिंगाखाली अक्षरांच्या कडेला मुलामा झिजून खालचा पांढरा धातू डोकावतोय का, तेही बघावे. ‘लाखो रुपये देतो, आधी शुल्क भरा’ म्हणणाऱ्यांपासून तर लांबच राहावे. आपल्या नावाने चाललेल्या अशा फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021मध्ये जाहीर इशारा दिला होता.

हिरवा थर काढलाच पाहिजे, असेही अनेकांना वाटते. पण घट्ट, गुळगुळीत हिरवा थर तांब्याचे रक्षण करतो. तो खरवडला की शिवराईवरची ‘श्री राजा शिव’ ही अक्षरेही जातात. फिकट, भुसभुशीत, पुसल्यावर काही दिवसांत पुन्हा उगवणारी हिरवी भुकटी मात्र रोगाची. क्लोराइड, ओलावा आणि हवा मिळून तो धातू आतून पोखरतात. म्हणूनच चिंच-मिठाचा उपाय घातक: आंबटाने थर जातो आणि मिठातले क्लोराइड धातूत शिरते. असे नाणे वेगळे करावे, सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट डबीत कोरडे ठेवावे आणि मौल्यवान असेल तर संवर्धकाला दाखवावे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचे स्वतःचे संवर्धन केंद्र आहे. पीव्हीसीच्या मऊ पाकिटांनीही नाण्यांवर चिकट हिरवा थर येतो, ती वापरूच नयेत.

राखाडी नाण्यावर पांढरी भुकटी दिसली तर सर्वांत जास्त जपावे. सातवाहनांची कित्येक नाणी शिशाची आहेत आणि शिशाची ती भुकटी विषारी असते. ती फुंकू नये, कोरड्या ब्रशने झाडू नये; हातमोजे घालावेत, नंतर साबणाने हात धुवावेत, लहान मुलांपासून दूर ठेवावे. लाकडी पेटीतही ठेवू नये, कारण लाकडातून निघणारी आम्लाची वाफ शिसे खाते. पाया खणताना असे काही मिळाले आणि त्याची किंमत दहा रुपयांहून जास्त असेल, तर 1878च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते: वाशी-बेलापूरकडे ठाण्याच्या, पनवेल-उलव्याकडे रायगडच्या.