घरातील गारवा आणि सरकारी वटाव

कापडाच्या बाजारात वावरणाऱ्या माणसास वटाव म्हणजे काय, हे शिकवावे लागत नाही. वटाव किती, तो कोणत्या अटीवर मिळतो आणि तो मिळूनही माल महाग तर पडत नाही ना, याचा हिशेब आपले सभासद रोज उभ्या उभ्या करीत असतात. परंतु हाच चोख हिशेब घरातील विजेच्या बाबतीत क्वचितच केला जातो. पर्वत पाटिया परिसरातील घरांतून उन्हाळ्यात वातानुकूलन यंत्रे रात्र रात्र चालतात; बिल हाती आले म्हणजे थोडी कुरकुर होते आणि विषय तेथेच मिटतो. घर थंड राखण्याच्या साधनांवर आज कोणत्या सवलती मिळतात व त्यांचा खरा लाभ केव्हा होतो, याचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम बिनसवलतीचा उपाय

आरंभ अशा उपायाने केला पाहिजे की ज्यावर बहुधा कोणतीही सवलत मिळत नाही. वरच्या मजल्यावरील खोल्या तापतात त्या मुख्यतः गच्चीमुळे. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री ती उष्णता खाली सोडतो आणि यंत्राची निम्मी शक्ती त्या उष्णतेशी झुंजण्यातच खर्ची पडते. गच्चीवर पांढरा चुना, पांढरा परावर्तक रंग किंवा गुजरातेत सर्वत्र दिसणारा पांढरा चायना मोझेक लावल्यास खालच्या खोलीचे तापमान साधारणतः २ ते ५ अंशांनी उतरते. २०१० च्या मे महिन्यातील भीषण उष्णतेनंतर अहमदाबाद महानगरपालिकेने २०१३ मध्ये जी उष्णता-कृती योजना आखली, तिच्या कार्यात पुढे अशा पांढऱ्या छपरांचा समावेश झाला. तेलंगण राज्याने तर २०२३ मध्ये यासाठी स्वतंत्र धोरणच जाहीर केले. पश्चिमेच्या खिडकीस बाहेरून छज्जा किंवा चटई लावणे, हाही याच जातीचा स्वस्त उपाय होय.

ताऱ्यांची भाषा

दुसरी पायरी साधनांची. ऊर्जा दक्षता ब्यूरो या केंद्रीय संस्थेने २००६ मध्ये तारांकित लेबलांची पद्धत सुरू केली. वातानुकूलन यंत्राच्या लेबलावर १,६०० तासांच्या वापरास वर्षभरात किती युनिट लागतील, हे छापलेले असते. ग्राहकाने ताऱ्यांपेक्षा हा आकडा पाहावा. ताऱ्यांचे कोष्टक वेळोवेळी अधिक कडक होते. म्हणून लेबलावरील कालावधीही तपासावा. जुन्या कोष्टकाचे पाच तारे आणि नव्याचे पाच तारे एकच नव्हेत.

येथे दोन प्रकारची सवलत संभवते. पहिली कराची. २२ सप्टेंबर २०२५ पासून वातानुकूलन यंत्रांवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. मूळ किंमत ४०,००० रुपये धरल्यास कर ११,२०० रुपयांऐवजी ७,२०० रुपये होतो. म्हणजे ४,००० रुपये वाचतात. दुसरी सवलत वीज कंपन्यांची. मुंबईत टाटा पॉवर व दिल्लीत बीएसईएस या कंपन्यांनी कमी वीज खाणारी यंत्रे आपल्या ग्राहकांस सवलतीत देण्याच्या योजना राबविल्या आहेत. अशा योजना मुदतीच्या असतात. म्हणून खरेदीपूर्वी आपणांस ज्या कंपनीचे बिल येते तिच्याकडे चौकशी करणे श्रेयस्कर.

पंख्याकडे मात्र आपण दुर्लक्ष करतो. जुना छताचा पंखा सुमारे ७५ वॅट वीज घेतो. बीएलडीसी मोटरचा नवा पंखा ३० वॅटच्या आसपास. रोज १२ तास व वर्षातून ३०० दिवस धरल्यास एका पंख्यामागे १६२ युनिट वाचतात. घरात पाच पंखे असल्यास ही बचत ८१० युनिट होते.

सौर संचाचे अनुदान

रोख अनुदान मिळते ते गच्चीवरील सौर विजेस. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने एक कोटी घरांसाठी ‘पीएम सूर्य घर : मुफ्त बिजली योजना’ सुरू केली, तिची मुदत २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत आखलेली आहे. या योजनेत गुजरात अग्रेसर राज्यांपैकी एक आहे. पहिल्या दोन किलोवॉटांस प्रत्येकी ३०,००० रुपये व तिसऱ्यास १८,००० रुपये, असे एकूण ७८,००० रुपये मिळतात. संच यापेक्षा मोठा घेतला तरी अनुदान तेवढेच. गृहनिर्माण संस्थेस लिफ्ट, पंप व जिन्यातील दिवे यांसाठी प्रति किलोवॉट १८,००० रुपये मिळू शकतात. सदनिकांत राहणाऱ्या आपल्या कुटुंबांनी हा मुद्दा संस्थेच्या सभेत अवश्य मांडावा.

उदाहरणादाखल, तीन किलोवॉटच्या संचास १,८०,००० रुपये लागले असे समजू. अनुदान वजा जाता १,०२,००० रुपये राहतात. वर्षात सुमारे ३,६०० युनिट वीज निर्माण होते. घराचा वापर महिना ३०० युनिट व दर ७ रुपये धरल्यास वर्षाची बचत २५,२०० रुपये. म्हणजे भांडवल चार वर्षांत फिटते आणि पॅनेले सुमारे २५ वर्षे चालतात. मात्र वापर महिना १०० युनिटच असेल, तर हा हिशेब कोसळतो. कारण उरलेल्या विजेचा मोबदला सामान्यतः कमी दराने मिळतो.

सावधगिरीच्या गोष्टी

हे अनुदान निवासी जोडणीसच आहे, दुकानास नव्हे. पॅनेले भारतीय बनावटीची व विक्रेता नोंदणीकृत असला पाहिजे. अर्ज राष्ट्रीय पोर्टलवर करावयाचा असतो. बिल अद्याप वडिलांच्या किंवा मूळ मालकाच्या नावावर असेल, तर आधी नाव बदलून घ्यावे. अनुदान नेट मीटर बसून तपासणी झाल्यानंतर ग्राहकाच्या बँक खात्यात जमा होते; म्हणून आरंभी पैशाची सोय आपणांसच करावी लागते. बँका यासाठी तारणाशिवाय कर्जही देतात. ‘सर्व काही फुकट’ असे सांगून आगाऊ रक्कम मागणाऱ्यापासून दूर राहावे.

आणखी दोन गोष्टी. बॅटरी नसलेला साधा सौर संच वीज गेली की सुरक्षिततेसाठी आपोआप बंद पडतो; तो अंधारात दिवा लावील, अशी अपेक्षा ठेवू नये. तसेच पावसाळ्यात खाडीचे पाणी आपल्या भागात शिरते, हे सर्वांस ठाऊक आहे. म्हणून इन्व्हर्टर तळमजल्याच्या कोपऱ्यात न ठेवता पाण्याच्या पातळीपेक्षा बराच उंच बसवावा.

तात्पर्य, क्रम महत्त्वाचा आहे. आधी गच्ची व खिडक्या, मग पंखे, मग यंत्र आणि शेवटी उरलेल्या गरजेपुरता सौर संच. हा क्रम उलटा केल्यास गरजेपेक्षा मोठे यंत्र व मोठा संच गळ्यात पडतो आणि वटाव मिळूनही माल महाग ठरतो. वटाव एकदाच मिळतो. बिल वर्षानुवर्षे येत राहते. जो क्रम पाळील त्याच्या वरच्या मजल्यावरील वृद्धांस व बालकांस भर उन्हाळ्यात स्वस्थ झोप लागेल आणि वर्षअखेरीस घरखर्चाच्या वहीतही शिल्लक दिसेल.